मामीच्या माहेरचा आजार

माझा मामा शाळांना लागणारी मॉडेलं बनवायचा. कान, दाढ, हृदय आणि सगळ्यात जास्त खपायचा तो डीएनए: लाकडाची पिळदार शिडी, चार रंगांच्या अर्ध्या अर्ध्या पायऱ्या जोडून केलेली.

"पेशीला एकाच्या दोन व्हायचं असलं की ही शिडी आधी मधोमध उसवते," असं तो मला लहानपणी समजवायचा. "मग प्रत्येक अर्ध्यासमोर नवा अर्धा बांधला जातो. लालसमोर पिवळाच, निळ्यासमोर हिरवाच." एवढं सांगून लाल आणि हिरवा तुकडा माझ्या हातात द्यायचा आणि म्हणायचा, लाव जोडून. मी घामाघूम व्हायचे, पण खुंटी काही भोकात शिरायची नाही. मामाला कोण आनंद व्हायचा!

त्याची एकुलती एक मुलगी ठकी. लहानपणी ती जिना चढताना दमते, एवढंच आधी दिसलं. मग पाय गेले, मग हात, आणि मागच्या वर्षी श्वासही थांबला. जन्मजात आजार, असं डॉक्टर म्हणाले तेव्हाच आमच्या घरात न्यायनिवाडा उरकला होता. मामीचा एक काका लंगडायचा, तेवढा पुरावा पुरला. तो बिचारा बांधकामावरून पडला होता, पण ऐकतो कोण? आजी येता-जाता सुनावायची, माझी आई मान डोलवायची. मामा स्वतः तिला बोल लावत नव्हता, पण गप्प बसायचा, आणि त्या गप्प बसण्याचा मला अजून राग येतो.

मामीने दोष निमूट अंगावर घेतला. मामाला दुसरं मूल हवं होतं. ती म्हणाली, "पुन्हा एका जिवाला हे द्यायचं? माझ्याच्याने नाही होणार." त्यानंतर त्या घरात तो विषय कुणी काढला नाही.

यंदा मला दिवस गेले, म्हणून माझ्या डॉक्टरांनी घरातल्या या आजाराचा छडा लावायला सांगितला. ठकीचं रक्त इस्पितळात जपून ठेवलेलं होतं. मामा-मामीनेही आपापलं दिलं. निकाल ऐकायला मामी आली नाही. "मला माहीत आहे काय निघणार ते," म्हणाली. मग मी आणि मामा गेलो.

डॉक्टरीणबाई मायाळू होत्या. "तुमच्या किंवा तुमच्या पत्नीच्या, दोघांच्याही रक्तात हा दोष नाही," त्या म्हणाल्या. "ठकी जन्माला यायच्या आधी, बीजपेशी तयार होताना, डीएनएची नक्कल होताना एक अक्षर चुकीचं जोडलं गेलं. मागून तपासणी होते, चुकलेलं कापून पुन्हा लावलं जातं. हे मात्र नजरेतून सुटलं."

"चुकीची जोडी बसतच नाही," मामा म्हणाला.

"क्वचित बसते."

"आमच्या मॉडेलात बसत नाही!" तो जवळजवळ ओरडलाच. मग खाली बघत त्याने विचारलं, "म्हणजे दोष कुणाचाच नाही?"

"कुणाचाच नाही."

रस्ताभर तो माझ्यापुढे भराभर चालत होता. इतक्या वर्षांचं ओझं बायकोच्या डोक्यावरून आज उतरवणार, या घाईत त्याला धाप लागली होती. मीही खुशीत होते, माझ्या बाळाचा घोर मिटला होता.

मामी स्वयंपाकघरात भांडी पुसत होती. मामाने दारातूनच सगळं सांगून टाकलं. तुझं नव्हतं, माझंही नव्हतं, माहेरचा तर काही संबंधच नव्हता. बोलता बोलता तो रडायला लागला. "चुकलो गं मी. तेव्हाच सगळ्यांची तोंडं बंद करायला हवी होती."

मामीने हातातलं पातेलं पुसून पालथं घातलं. मग माझ्या पोटाकडे बघितलं आणि लगेच नजर वळवली.

"दुसरं झालं असतं तर?" तिने विचारलं.

मामा अडखळला. डॉक्टरीणबाईंनी तेही सांगितलं होतं. "धडधाकट झालं असतं," तो म्हणाला. "तीच चूक पुन्हा होणं जवळजवळ अशक्यच होतं."

मामी हळूच स्टुलावर बसली. तिचे केस कधीच पिकले होते.

"मग हे मला कशाला सांगितलंत?" ती म्हणाली.