टाळी 'माहीत नाय'ला

वाघमारे सर गेल्याचा फोन आला, तेव्हा मी त्यांनीच सांगितलेला मेल लिहीत बसले होते. जर्मनीतल्या विद्यापीठाला, यंदाच्या मुलाखतींची तारीख मागणारा. "बाई, आज पाठवाच," असं सकाळीच बजावलं होतं त्यांनी... दुपारी हृदयविकाराचा झटका आला. मेल अर्धाच राहिला.

आमच्या कॉलेजात सर भौतिकशास्त्र शिकवायचे, मी रसायनशास्त्र. बी.एस्सी.च्या मुलांनी उन्हाळ्यात परदेशातल्या प्रयोगशाळेत जाऊन खरंखुरं संशोधन करायचं आणि तिथल्या मुलांनी आपल्याकडे यायचं, हे खूळ सरांच्या डोक्यात शिरलं, तेव्हा स्टाफरूममध्ये हशा पिकला होता. "पीएचडी होईपर्यंत पोरांनी नुसतं पाठच करायचं का, बाई?" त्यांनी मला विचारलं, आणि मीही कंबर कसली. जगभर मेल पाठवले. अखेर एका जर्मन प्राध्यापकांनी कळवलं, ऑनलाइन मुलाखतीत मुलं पसंत पडली तर करार करू. सरांनी त्या दिवशी सगळ्या स्टाफला गुलमंडीवरच्या हलवायाकडची इमरती चारली, हसलेल्यांना जास्तच!

मुलाखतीत आमची मुलं धडाधड बोलली. येत होतं तेही, येत नव्हतं तेही! एकाचीही निवड झाली नाही. पुढच्या वर्षी आणखी एक संधी, मग विषय संपला, असं तिकडून नम्र उत्तर आलं. मी रडकुंडीला आले होते आणि सर मात्र उड्या मारायचेच बाकी होते. "सापडलं बाई! एकानंही 'माहीत नाही' म्हटलं नाही. म्हणायला आपण शिकवलंयच कुठं?" दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या वर्गात कुणी "माहीत नाय" म्हटलं की सर जोरात टाळी वाजवायचे आणि लगेच विचारायचे, "मग कसं शोधायचं?"

पुढच्या मुलाखतीला पिशोर गावची शीतल बसली. प्राध्यापकांनी प्रकाशाविषयी काहीतरी अवघड विचारलं. माझा जीव टांगणीला. मग तिनं इंग्रजीत ठणकावून सांगितलं, मला माहीत नाही, आणि उत्साहाच्या भरात मराठीवर घसरली, "पण लई भारी प्रश्न हाय सर! करून बघू का?" वाघमारे सरांनी त्याचं भाषांतर केलं. ते जर्मन गृहस्थ खदखदून हसले. म्हणाले, मलाही माहीत नाही, ये, मिळून बघू. सरांनी स्क्रीनसमोरच टाळी हाणली! त्या उन्हाळ्यात शीतल गेली, आणि हिवाळ्यात तिथली दोन मुलं आमच्या प्रयोगशाळेत राबली, करमाडला तिच्या मामाच्या शेतात हुरडा खाऊन तृप्त झाली. तेव्हापासून दरवर्षी ये-जा सुरू आहे.

परवा प्रयोगशाळेत गेले. सरांचं स्टूल फळ्याजवळ तसंच आहे, त्यावर कुणी बसत नाही. मुलं भोवती जमली. एकीनं विचारलं, "मॅडम, सर नाय तर हे आता बंद पडणार का?" धीर द्यायला मी तोंड उघडलं, पण खोटं बोलवेना.

"माहीत नाय," मी म्हणाले.

मागून एक टाळी वाजली. दुसरी वाजली. बघता बघता अख्खी प्रयोगशाळा टाळ्या वाजवायला लागली, आणि मी त्यांच्यासमोर उभी राहून ढसाढसा रडत होते, हसतही होते.

"मग कसं शोधायचं, मॅडम?" तीच मुलगी म्हणाली.

मी डोळे पुसले आणि अर्धा राहिलेला मेल उघडला.