मावशींची एकुलती खुर्ची

बिबवेवाडीतल्या आमच्या एका खोलीत पाय पसरायला जागा नव्हती, अभ्यास कुठला! वडील पहाटे मार्केटयार्डात हमाली करून दिवसा झोपायचे. इतिहासात मी एकदा नापास झाले होते. पुन्हा झाले तर कॉलेज बंद, हे घरात ठरलं होतं.

शेजारच्या मावशी भाकऱ्या करून विकतात. त्यांच्याकडे एकच खुर्ची, ती त्यांनी मला अभ्यासाला दिली. मात्र वाचायचं मोठ्यानं. पाचशे वर्षांपूर्वीचं, ट्युडर राजांच्या काळातलं इंग्लंड त्यांना पलीकडच्या गल्लीसारखं वाटे. थापता थापता विचारायच्या, "मग त्यांच्यात सारवायचं कोण?" ते लोक जमिनीवर गवत अंथरायचे आणि जुन्यावरच नवं टाकायचे, हे ऐकून म्हणाल्या, "शी! आणि म्हणे राजा-राणी."

साध्या घरात खुर्ची बहुधा एकच, तिच्यावर घरधनी बसणार, बाकीचे बाकावर, असंही मी वाचलं. त्यावर मात्र त्यांनी माझ्या खुर्चीकडे एकदा बघितलं आणि पुढची भाकरी थापायला घेतली.

परीक्षेच्या आदल्या दिवशी त्यांच्या मुलीला बघायला पाहुणे आले. मी उठू लागले, तर मावशींनी माझा खांदा दाबला.

"बस गं. अहो पाहुणे, तुम्ही सतरंजीवर टेका. हिचा उद्या पेपर आहे."

मुलाचे वडील उभेच राहिले. माझ्यापायी सोयरीक मोडणार असं मला वाटलं. मग ते हसून मांडी घालून बसले.

"वाच पोरी, आम्हीही ऐकतो."

सोयरीक जमली. मीही पास झाले. आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर मी आहे.