नाण्यातल्या माणसाने मान फिरवली

“साहेब, नाण्यातला माणूस फिरला.”

फोनवर पिंपळगाव रेणुकाईचा रामेश्वर होता. मी जुन्या जालन्यात एका कापड दुकानाच्या माडीवर बसतो आणि जुनी नाणी तपासतो. कलेक्टर लोक, म्हणजे जिल्ह्याचे नव्हे, नाणी जमवणारे, विकत घेण्याआधी नाणं माझ्याकडे पाठवतात. मी खरं की खोटं ते लिहून देतो. खोटी निघालेली नाणी शेकड्याने पाहिलीत. आतला माणूस फिरल्याचं मात्र पहिल्यांदाच ऐकत होतो.

“फिरला म्हणजे?”

“आधी इकडं बघायचा, आता तिकडं बघून राह्यला. अन् साहेब, डोळा उघडलाय त्यानं.”

दिवसाचे अकरा वाजले होते. खाली बाजारात हमालांचा आरडाओरडा चालला होता. तरीही माझ्या अंगावर काटा आला. आणि खरं सांगतो, मला फार आनंद झाला. असले फोन काय रोज येतात? मी भिंग, वजनकाटा आणि टॉर्च पिशवीत टाकून गाडी काढली.

ते नाणं मी वर्षभरापूर्वी पाहिलं होतं. ऑरियस. म्हणजे रोमन बादशहांचं सोन्याचं नाणं. दोन हजार वर्षांपूर्वी रोमचे व्यापारी समुद्राने यायचे आणि इकडचा माल घेऊन सोनं ठेवून जायचे. भोकरदन तेव्हा मोठं व्यापारी गाव होतं. त्या व्यवहारातलं एखादं नाणं तालुक्यातल्या एका शेतकरी घरात टिकून राहणं अगदी शक्य आहे. रामेश्वरच्या घरात ते देवघरात होतं. बादशहाच्या डोक्यावर दोन भोकं पाडलेली, चेहरा हळदीकुंकवाने माखलेला. घरच्यांच्या लेखी तो त्यांचा मूळपुरुष.

या घराची एक रीत आहे. बाळंतीण माहेराहून सव्वा महिन्याने आली की बाळाला मांडीवर घेऊन देवघरापुढे बसते आणि मऊ मातीच्या गोळ्यावर ते नाणं स्वतःच्या अंगठ्याने दाबते. गोळा वाळवून कोनाड्यात ठेवतात. तो त्या बाळाचा ठसा. मूळपुरुषाने बाळाला पाहिलं, असा त्याचा अर्थ.

रामेश्वरची बायको सविता बदनापूरची. तीन आठवड्यांपूर्वी ती पहिली मुलगी घेऊन आली, नाणं दाबलं, उचललं, आणि मातीतला माणूस भलतीकडेच बघत होता. भावकी जमली. सहा महिन्यांपूर्वी सासरा गेला होता, आता हे. हिच्याच पायगुणाने, हिच्याच हातून झालं, असं ठरलं. त्याच संध्याकाळी तिला माहेरी पाठवलं.

“पोरीला तीन आठवडे मोबाइलवर बघून राह्यलो साहेब,” ओसरीवर रामेश्वर मला सांगत होता. “भावकी म्हणती, देव बराबर झाल्याबिगर तिला आणायचं न्हाई. सविता म्हणती, या रविवारपोत्तर न्यायला आला न्हाईत तर मंग मी येणारच न्हाई. बिलकुल. तिचा शब्द म्हंजे शब्द हाय.”

तो दिवस शुक्रवार होता.

देवघराच्या खोलीला खिडकी नव्हती आणि लाइट गेलेली. बाहेर टळटळीत ऊन, आत हाताला हात दिसेना. मी टॉर्च कोनाड्यात तिरपा धरला. ठसा वाचायचा असेल तर उजेड नेहमी तिरपा टाकायचा. समोरून टाकला तर सगळं सपाट दिसतं.

अकरा जुने ठसे ओळीने मांडलेले. अकराही चेहरे डावीकडे बघणारे. पहिल्या ठशात माणूस नीट होता: नाक, हनुवटी, मानेवरची शीर. पुढे पुढे गेलो तसा तो पुसट होत गेला. आधी डोळा गेला. मग नाक बसलं. मग ओठ. पुजणाऱ्यांच्या बोटांनी नाणं झिजवलेलं. अकराव्यापर्यंत नुसती कवटी उरली होती. तो अकरावा ठसा खुद्द रामेश्वरचा.

टॉर्च बाराव्यावर नेला.

बारावा उजवीकडे बघत होता. नाक परत आलेलं. ओठ परत आलेले. डोळा टक्क उघडा. इतक्या पिढ्या विझत गेलेला माणूस जणू मान वळवून जागा झाला होता.

“साहेब,” रामेश्वर माझ्या कानाशी कुजबुजला, “भावकीला मी बोललो न्हाई. पण हे आमचे दादा हाइत.”

त्याने भिंतीकडे बोट केलं. टॉर्च तिकडे वळवला. हार घातलेला फोटो, गेलेल्या वडिलांचा. तेच नाक. तीच हनुवटी. मी पुन्हा ठशाकडे पाहिलं. पुन्हा फोटोकडे. खोलीत गार वाटायला लागलं, हे मी कोर्टातसुद्धा सांगेन.

मागे काहीतरी हललं. दारात रामेश्वरची आई, गयाबाई, पदर तोंडाशी धरून उभी होती. घरातलं प्रत्येक माणूस त्या ठशाला भ्यायलेलं. ही मात्र माझ्याकडे बघत होती.

माणूस घाबरला की त्याने हाताला काम द्यावं. मी देव्हाऱ्यातून नाणं घेतलं, ओल्या फडक्याने हळद पुसली आणि काट्यावर ठेवलं. गेल्या वर्षीपेक्षा जवळजवळ निम्मं वजन भरलं. काठाला भिंग लावलं. सोन्याच्या पाण्याखालून चांदी दिसत होती. मग चेहरा पाहिला आणि मला हसूच फुटलं.

रोमच्या बादशहाला मिशी होती. झुपकेदार, टोकाला पीळ दिलेली, अस्सल मराठवाड्याची.

दोन हजार वर्षांत नाणं झिजतं. त्याला मिशी फुटत नाही.

मान का फिरली, तेही कळलं. शिक्का करणारा कारागीर चेहरा नेहमी उलटा कोरतो, म्हणजे ठोकल्यावर तो सुलटा उमटतो. हे ज्याने केलं त्याला शिक्क्यांची सवय नव्हती. त्याने नाण्यात जसं दिसलं तसंच पितळेवर कोरलं आणि त्यावर चांदीची चकती ठोकली. नाण्यातला माणूस उलटा झाला, मग मातीतलाही. ही चूक सोनार करत नाही, देवाचे टाक करणाराही करत नाही. ही चूक एकच जण करतो: ज्याला दिसेल तसं सुलटंच कोरायची सवय असते.

“रामेश्वर, नाणं धुवायला चार लिंबं आण. झाडावरची ताजी.”

लिंबू नाण्याला कधीच लावायचं नसतं. पण तो मळ्याकडे गेला. मी गयाबाईंकडे वळलो.

“मावशी, जालन्यात भांड्यांवर नावं घालणाऱ्याकडून करून घेतलंत ना?”

ती मटकन उंबऱ्यावर बसली. मग एकदम उसळली.

“तुम्हीच आल्ता की गेल्या साली! ओसरीवर बसून पोराला किंमत सांगितली. तवापासून भावकीचा एकेक जण येऊन देव्हाऱ्यात वाकून बघून राह्यला. इकून खाल्लं असतं यांनी देवाला. म्हून खरा काढून ठिवला म्या.”

“सोनाराकडे का नाही गेलात?”

“सोनार सांजच्याला गावभर करतो. भांड्यावाल्याला काय पडलंय? पण तो म्हणला, मायबाई, याला तोंडच न्हाई, काय कोरू? मंग म्या आमच्या मालकांचा फोटू दिला.”

“आणि सविताला घालवलं तेव्हा गप्प का बसलात?”

आता ती पहिल्यांदा ठशाकडे बघून बोलली.

“मला काय ठाव, तोंड उलटं उमटल? मीबी भ्याले. वाटलं, हेच आले, नातीला बघाया. दुसऱ्या दिशी दोन्ही नाणी जवळ ठिवून बघितली तवा समजलं, काय झालं ते. पण नकली हाय म्हणलं असतं तर उकिरड्यावर फेकलं असतं यांनी. मी रोज सकाळी हळद लावते त्या तोंडाला, साहेब. सहा महिनं झाले. परत कुठून आणू?”

मी मिशीवालं नाणं तिच्या हातात ठेवलं.

“मावशी, तुमचा माणूस तुम्हाला रोज दिसतो. रामेश्वरची माणसं बदनापूरला आहेत. आणि परवा रविवार.”

ती उठली. तुरीच्या डाळीच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि चिंधीत गुंडाळलेलं खरं नाणं माझ्या हातावर ठेवलं.

“गाडी हाय ना तुमची?”

रामेश्वर लिंबं घेऊन आला. तिने त्याला गाडीत बसल्यावर सगळं सांगितलं. राजूर मागे पडलं तरी लिंबं त्याच्या हातातच होती.

बदनापूरला सविता मुलीला घेऊन दारात आली. गयाबाईंनी दोन्ही नाणी तिच्या तळहातावर ठेवली.

“तुझ्या हातून काय झालं न्हाई माय. म्या केलं.”

सविताने ऐकून घेतलं. नाणी उलटसुलट करून पाहिली.

“आत्याबाई, मला घालवलं तवा सगळी भावकी होती. आता एकट्या मलाच सांगता व्हय?”

“उद्या सांगते. सगळ्यांपुढं सांगते.”

“सांगा. मंग येते.” ती जरा थांबली. “अन् तो ठसा मोडायचा न्हाई. बाकीच्यांना त्या कवटीनं बघितलं. माझ्या पोरीला तिच्या आजानं बघितलं.”

गयाबाई तिथेच पायरीवर बसून रडली.

शनिवारी तिने भावकीपुढे सांगितलं. चुलते खूप ओरडले. रविवारी सविता घरी आली. खरं नाणं देव्हाऱ्यात गेलं, मिशीवालं दादांच्या फोटोपुढे. कोनाड्यात बाराही ठसे आहेत. मी मध्ये एकदा जाऊन आलो. सगळं माहीत असूनही बाराव्यावर टॉर्च धरल्यावर मी वळून दादांच्या फोटोकडे पाहिलंच.

रिपोर्टात मी लिहिलं: चांदी, वर सोन्याचा मुलामा, अलीकडचं काम, कोरणारा हौशी. आणि तेव्हापासून एक नियम केलाय. घरातलं नाणं बघायला गेलो आणि कोणी किंमत विचारली, तर म्हणतो, आधी त्याची पूजा कोण करतं, त्यांना बाहेर बोलवा.