दवाखाना चालू आहे

"मी काय लबाड माणूस शे का? तुम्हीच सांगा, बाई."

"लबाड कोण म्हणतं तुम्हाला, भाऊ?"

"सरकार म्हनस. बठा असेंब्लीम्होरे म्हनस. मी इचारं, उमरबारीना दवाखाना चौदा महिनापाशी बंद शे, हाई खरं का खोटं? मंत्रीसाहेब उठना, दोन सबद बोलना, बठी गया. खोटं."

"पण तो बंद नाहीच ना. मी रोज उघडते."

"तेच तं मी सांगी ऱ्हायनू. कसाले उघडतस तुम्ही?"

सुसानाबाईंनी धुतलेली बाटली फडक्यावर उपडी घातली आणि दुसरी घेतली. सकाळपासून वीस माणसं येऊन गेली होती, बहुतेक हिवतापाची, आणि दवाखान्याच्या ओसरीवर दोन बायका अजून कांबळं पांघरून कुडकुडत बसल्या होत्या. १९३८ सालचा आश्विन चालू होता. त्या दिवसांत उमरबारीत असंच असायचं.

छगनभाऊ खिडकीजवळच्या बाकावर टेकले. तापीकाठचा हा शेतकरी माणूस आदल्या वर्षी निवडून आला, तेव्हापासून सगळा तालुका त्यांना नुसतं 'मेंबर' म्हणायचा. पुण्याच्या बैठकीहून ते रात्रभर गाडीत बसून आले होते. धोतरावर इंजिनाचा कोळसा तसाच होता. त्यांनी खिशातून घडी केलेला छापील कागद काढला, आणि मूळ इंग्रजीतलं ते प्रश्नोत्तर वकिलानं समासात मराठीत लिहून दिलं होतं तसं वाचलं, मंत्र्यांच्या आवाजात, हनुवटी जरा वर करून.

"प्रश्न. अ, उमरबारी येथील लोकल बोर्डाचा दवाखाना चौदा महिने बंद आहे, हे खरे आहे काय? आ, असल्यास तेथे डॉक्टर केव्हा नेमणार? उत्तर. अ, नाही. सदर दवाखाना रोज चालू असून चौदा महिन्यांत तीन हजार दोनशे बारा रोग्यांस औषध देण्यात आले. आ, प्रश्न उद्भवत नाही."

"तीन हजार दोनशे बारा," सुसानाबाई हळू म्हणाल्या.

"व्हय. तुमन्या वहीमधला आकडा. कलेक्टरकडथून मामलेदार, मामलेदारकडथून तलाठी. तलाठी आठे उना, दार उघडं दिखनं, वही उतरी लीधी, गया."

तो दिवस बाईंना आठवत होता. तलाठ्यानं वही मागितली तेव्हा त्यांना बरंच वाटलं होतं. तिच्यात रोग्याचं नाव, गाव, दुखणं, औषध, आणि शेवटचा रकाना डॉक्टरच्या सहीचा. तो रकाना त्यांनी प्रत्येक ओळीत मुद्दाम कोरा ठेवला होता. कोणीतरी वही उघडेल, कोरा रकाना पानामागून पान खाली उतरत गेलेला पाहील आणि विचारील, असं त्यांना वाटायचं. तलाठ्यानं फक्त शेवटच्या ओळीचा आकडा घेतला.

सुसानाबाई मूळच्या नवापूरकडच्या डोंगरातल्या. इन्फ्लुएन्झाच्या साथीत बाप आणि दोन भाऊ एका आठवड्यात गेले, तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. मिशनच्या मडमेनं त्यांना ठेवून घेतलं, आधी भांड्यांना, मग पट्ट्या उकळायला, मग बाळंतपणाला. घरची बोली कोकणी, डोंगरातल्या कोकणा आदिवासींची. मराठी शिकल्या त्या मिशनच्या पुस्तकातून, म्हणून त्या बोलताना शब्द सावकाश आणि पूर्ण यायचे, नि उमरबारीच्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या, बाई अशी बोलस जशी चिठ्ठी वाची ऱ्हायनी. लग्न मिशनच्या शाळेतल्या सुकराम मास्तरांशी झालं. मास्तर पाच वर्षांनी काविळीनं गेले. त्यानंतर बोर्डाची नर्सची जागा मिळाली आणि बाई डोंगर उतरून इथे आल्या. त्याला आता अकरा वर्षं झाली होती.

तेव्हा इथे डॉक्टर होता, कंपाउंडर होता. कंपाउंडरला पेन्शन झाली, जागा भरली नाही. चौदा महिन्यांपूर्वी डॉक्टरची बदली झाली, बदलीवर कोणी आलंच नाही. उरल्या बाई. त्यांना क्विनाईनचं मिक्स्चर करता येत होतं, गळू फोडता येत होतं, सरळ आलेलं मूल सोडवता येत होतं. श्रावणात एक मूल आडवं आलं. बाईंनी रात्रभर हात लावून पाहिला आणि पहाटे त्या पोरीला बैलगाडीत घालून नंदुरबारला पाठवलं. गाडी अर्ध्या वाटेवरून परत आली. तेव्हापासून सकाळी कुलूप काढताना त्यांच्या मनात एकच यायचं, आज माझ्या हातचं नसलेलं काही येऊ नये. त्यांना डॉक्टर हवा होता. स्वतःसाठी म्हणा हवं तर. थकल्या होत्या.

"मग मी काय करू म्हणता?" त्यांनी विचारलं.

"लावा कुलूप. एक महिना. सरकार परत चौकशी करी, तं खरोखर बंद दिखाले पाहिजे. मंग मी उठसू आनि इचारसू. तवय कसं म्हनतीन खोटं?"

"आणि ही माणसं?"

"चौदा महिना तुम्ही एकल्याच खेची ऱ्हायन्यात. आखो चौदा खेचश्यात. मंग?"

बाईंनी ओसरीकडे पाहिलं. मग हात पुसले. "डॉक्टर येईल?"

"प्रश्न मन्हा शे, बाई. येवालेच पडी."

सोमवारी त्यांनी कुलूप लावलं.

पहिल्या दिवशी माणसं आली, बसली, उन्हं वर आल्यावर गेली. बाई मागच्या खोलीत खिडकी लावून बसून होत्या. दुसऱ्या दिवशी पायऱ्यांवर तांबे दिसू लागले. उमरबारीत बाईंच्या हातचं औषध सगळ्यांना चालायचं, पाणी चालत नसे. ज्यानं त्यानं आपल्या घरचं पाणी तांब्यात आणायचं, बाईंनी त्यात मिक्स्चर कालवून द्यायचं. अकरा वर्षांची ही रीत. आता लोकांनी पाण्याचे तांबे पायऱ्यांवर नंबरानं मांडले आणि ते शेतावर निघून गेले. कोणी दार वाजवलं नाही. कोणी शिवी दिली नाही. फुलीबाई नावाची म्हातारी तेवढी पायरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "बाई गावले गयी व्हई. माणूसच ना भो, तिले बी आप्त व्हतीन. यी जाई." हे ऐकून घेणं शिव्या ऐकण्यापेक्षा जड होतं.

सहाव्या दिवशी तलाठी आला. कुलूप हलवून पाहिलं, कागदावर काही लिहिलं, गेला. बाईंना खिडकीच्या फटीतून ते दिसलं. त्यांना वाटलं, झालं, आता कागद वर जाईल.

दगूबाई दोन कोसांवरून यायची. नवऱ्याला ताप. पाचव्या दिवशी त्याला खांद्याला धरून आणलं, सहाव्या दिवशी आणलं, सातव्या दिवशी कोणाच्या तरी गाडीत आणलं. दहाव्या दिवशी ती एकटी आली आणि पायरीवरून आपला तांब्या उचलून पाणी मोगऱ्याच्या बुंध्याशी ओतू लागली.

बाई मागच्या दारानं धावत बाहेर आल्या. "थांब. देते. कुठे आहे तो?"

दगूबाईनं तांब्या पदराला पुसला. "आते नको, बाई."

एवढंच म्हणाली आणि वाटेला लागली. बाईंनी तिथेच कुलूप काढलं. त्या दुपारी त्यांनी अंधार पडेपर्यंत औषध दिलं, आणि वहीत नऊ दिवसांची जागा कोरी सोडून पुढची ओळ लिहिली.

छगनभाऊ त्यानंतर आले ते माघात. या खेपेला ते बाकावर बसले नाहीत. कागद त्यांनी टेबलावर ठेवला.

"वाची ल्या."

"तुम्हीच वाचा, भाऊ. तुमचा आवाज चांगला आहे."

ते हसले नाहीत. वाचताना मंत्र्यांचा आवाजही काढला नाही. "अ, होय. सदर दवाखाना आश्विन महिन्यात बंद आढळला. कारण, तेथील नर्सने विनापरवानगी कुलूप लावले. आ, संबंधित नर्सवर योग्य ती कारवाई चालू आहे. इ, डॉक्टरच्या नेमणुकीबाबत," ते थांबले, "प्रश्न उद्भवत नाही."

"मी परत उठनू," ते म्हणाले. "उपप्रश्न मी कया. म्हनं, डाक्टर नव्हता म्हनीसन बंद व्हता. साहेब म्हने, डाक्टर नव्हता तरी चौदा महिना चालू कसा व्हता? बठी सभा हसनी. मन्हा बाजूना बी हसनात."

बाईंनी टेबलाचा खण उघडून लोकल बोर्डाचा लखोटा काढला आणि त्यांच्यासमोर ठेवला. "हा परवा आला. तुमच्या प्रश्नाचं उत्तर छापून येण्याच्या आधीचा. नऊ दिवस दवाखाना बंद का ठेवला, याची कारणं आठ दिवसांत लेखी द्यावीत. न दिल्यास कामावरून कमी."

छगनभाऊंनी लखोट्याला हात लावला नाही. "लिखा, आजारी व्हती."

"माझ्या खोलीत दिवा लागत होता, गावानं पाहिला आहे. तलाठ्यानं ते लिहिलंय, लखोट्यात नक्कल आहे."

"लिखा, आवशिद सरनं व्हतं."

"औषध कपाटात होतं. तेही त्यानं नंतर येऊन मोजून लिहिलंय. तलाठी काम चोख करतो, भाऊ. या खेपेला तरी."

बाहेर कोणीतरी खोकलं. फुलीबाईचा आवाज आला, "बाई वं, मन्हा नंबर शे." बाईंनी आतूनच हात वर केला, थांब म्हणून.

"मला कमी केलं, तर दवाखाना खरंच बंद होईल," त्या म्हणाल्या. "मग तुमचा प्रश्न खरा ठरेल. पण तेव्हा या लोकांना काही देणारं कोणी नसेल. मला हे नको आहे. डॉक्टर नाही आला तर नाही आला, मी सांभाळीन. मला इथे राहू द्या, एवढंच." त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला, दौत त्याच्याशेजारी ठेवली. "चार ओळी लिहा. कुलूप मेंबरांच्या सांगण्यावरून लावलं. खाली तुमची सही. बोर्डाला तुमचा शब्द टाकता येणार नाही."

छगनभाऊंनी कागद जवळ ओढला. टाक त्यांनी उचलला, दौतीत बुडवला, आणि तसाच धरून ठेवला. शाईचा एक थेंब कागदावर पडला.

"सरकारी दवाखानाले कुलूप लावाले मेंबरनी सांगं," ते स्वतःशी म्हणावं तसं म्हणाले. "परत निवडणूक शे. अशी चिठ्ठी धुळ्याले, बोर्डमा गयी, तं मन्ही..."

"हो. ते मला समजतं," बाई म्हणाल्या. "तुम्ही सांगितलं म्हणून मी लावलं की नाही, भाऊ? एवढंच सांगा. लिहू नका. नुसतं तोंडानं सांगा."

छगनभाऊंनी टाक दौतीत उभा केला. बाकावरची टोपी उचलली, झटकली, डोक्यावर ठेवली, आणि ओसरीवरच्या माणसांतून वाट काढत निघून गेले.