साखरपुड्यात मोटारीचं दार

माझी क्लिप एकदा बसली की निघत नाही, या एकाच कारणावरून ती नाकारण्यात आली.

तुटते म्हणून नाकारली असती तर मी मान खाली घातली असती. बसत नाही म्हणाले असते तर साचा बदलला असता. पण निघत नाही म्हणून? घट्ट धरून ठेवायला जी वस्तू बनवली तिने घट्ट धरून ठेवलं, हा तिचा गुन्हा! इतकी वर्षं झाली, अजून जेवताना आठवलं की घास तिखट लागतो.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. डोंबिवलीच्या औद्योगिक भागात एक भाड्याचा गाळा, एक हाताने दाबायचं मोल्डिंग मशीन आणि मी. मोटारीच्या दाराला आतून रेक्झिन लावलेला पुठ्ठा असतो ना, तो पत्र्याला धरून ठेवणारी प्लॅस्टिकची क्लिप मी बनवायचो. वर बटणासारखं डोकं, खाली दोन फाकलेले पाय. पत्र्याच्या भोकात अंगठ्याने दाबली की पाय मिटतात, पलीकडे गेले की पुन्हा फाकतात. टक्! ना स्क्रू, ना नट.

ज्या कंपनीला माल द्यायचा होता (नाव घेत नाही, डॉक्टरांनी रक्तदाबाचं सांगितलंय), तिथला खरेदीचा साहेब म्हणाला, "दुरुस्तीसाठी पुठ्ठा काढावा लागतो हो. क्लिप जरा सैल करा."

"सैल पाहिजे तर सुतळी बांधा की!" असं म्हणून मी बाहेर पडलो. माल माझ्या मागोमाग घरी आला. रागाच्या भरात मी माझ्याच जुन्या मोटारीच्या दारांचे पुठ्ठे काढले आणि माझ्या क्लिपा लावून परत ठोकून बसवले. एकदा साहेबाला आणून दाखवीन म्हटलं. साहेब आला नाही. साखरपुडा आला.

माझ्या मुलीचा, वंदनाचा. आम्ही खाडीकाठचे कोळी, आणि व्याहीही आमच्यातलेच, ठाण्याच्या कोपरीतले. मुलगा हेमंत बँकेत. सकाळचा मुहूर्त. मोटार मी चालवतोय, शेजारी बायको, मागे वंदना आणि माझी थोरली बहीण अक्का.

जावयाची अंगठी बायकोच्या पर्समध्ये होती. सराफाला मी इतका पिळला होता की आता मलाच शंका यायला लागली. एवढ्या कमी भावात तो मानला कसा?

"दे बघू अंगठी. उजेडात बघतो."

"अहो, गाडी चालवताय ना?"

"एका हाताने चालवतो. दे."

खिडकीची काच खाली होती. अंगठी उजेडात धरली, आणि नेमका एक टेम्पोवाला आडवा आला. आता अशा वेळी माणसाने काय करावं? मी खिडकीतून डोकं काढलं, "डोळे गहाण ठेवलेत काय रे!" म्हणून ओरडलो आणि दारावर जोरात थाप मारली. ज्या हातात अंगठी होती त्याच हाताने.

टिंग. टिंग. टिंग.

"आरं, कुठं गेली रं?" अक्का म्हणाली.

"दारात."

"बाहेर पडली?"

"आत. काच जिथून खाली जाते ना, त्या फटीतून."

"मग काढ की!"

त्या दाराचा पुठ्ठा कोणत्या क्लिपांवर आहे, हे मोटारीत फक्त मला माहीत होतं.

कोपरीला पोचलो तर व्याह्यांच्या दारात बायका आरती घेऊन उभ्या. मी सगळ्यांना नमस्कार केला, डिकीतून स्क्रूड्रायव्हर काढला आणि पाठ फिरवून दाराशी बसलो. पुठ्ठ्याच्या कडेत घालून नेट लावला. क्लिप हलली नाही. आणखी नेट लावला. स्क्रूड्रायव्हर वाकला! खोटं कशाला बोलू, माझ्या छातीत काहीतरी भरून आलं.

"अहो, हसताय काय?" बायको दात आवळून म्हणाली.

"मी? छे!"

व्याही दामोदरशेठ जवळ आले. शांत माणूस. त्यांनी विचारलं, मी सांगितलं. त्यांच्या मागून मुलाची आत्या आली. ती शांत नव्हती.

"अंगठीच दारात अडकली? हा काय शकुन म्हणायचा? मुहूर्त टळला तर पुढचं पुढे बघू. घाई कुणाला आहे?"

पुढचं पुढे बघू म्हणजे काय, हे आमच्याकडे सगळ्यांना कळतं. वंदनाचा चेहरा पांढरा पडला. हेमंत पुढे आला आणि हळूच म्हणाला, "काका, क्लिपा कापून टाकल्या तर?"

"कापायच्या?" मी म्हणालो.

"बाबा," वंदना म्हणाली, "क्लिपा पाहिजेत की माझं लग्न?"

मी लगेच उत्तर द्यायला हवं होतं. जरा उशीर झाला. (बायकोच्या मते फार उशीर झाला.)

"कापणार कशा?" मी म्हणालो. "पाय पत्र्याच्या आत आहेत. तिथे करवत जातच नाही." हे अगदी खरं होतं, पण त्या क्षणी कुणाला पटलं नाही.

तेव्हा हेमंतचे काका पुढे आले. जन्म होडी ओढण्यात गेलेला. त्यांनी बिजागऱ्यांचे खिळे ठोकून काढले, दार मोटारीपासून सोडवलं आणि चौघांनी उचलून थेट मांडवात पाटापुढे आणून ठेवलं. "मुहूर्त इथंच गाठू!" भटजींनी एकदा दाराकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि मंत्र सुरू ठेवले. दार हललं की आतून अंगठी खुळखुळायची. वऱ्हाडी मान वाकवून ऐकायचे.

काकांनी पुठ्ठ्याच्या कडेत बोटं घुसवली. त्यांच्या कमरेला धरून दुसरे, त्यांना धरून तिसरे. समोरून चौघे दार धरून.

"हैशा!"

काही नाही.

"हैशा!"

पाट सरकला. क्लिप नाही.

"निघणार नाही," माझ्या तोंडून गेलं.

"कुणाच्या बाजूने हायेस रं तू?" अक्का किंचाळली.

तिसऱ्या हैशाला फाडकन आवाज झाला. काका, दुसरे, तिसरे, सगळे पेढ्यांच्या ताटांवर जाऊन बसले. पुठ्ठा त्यांच्या मांडीवर होता, मधून फाटून चिंध्या झालेला. दारात हात घालून हेमंतने अंगठी काढली. मुहूर्ताला जेमतेम श्वास उरला होता. वंदनाने ती तिथल्या तिथे त्याच्या बोटात घातली. आत्यानेही, थोबाड वाकडं करून का होईना, अक्षता टाकल्या.

सगळे टाळ्या वाजवत होते. मी मात्र दाराशी वाकलो होतो. पुठ्ठा गेला होता, पण माझ्या क्लिपा भोकाभोकात रेक्झिनचे तुकडे धरून जशाच्या तशा उभ्या होत्या!

"बघा!" मी मांडवभर ऐकू जाईल असा ओरडलो. "एक तरी सुटली का? एक तरी?"

टाळ्या थांबल्या. दामोदरशेठ जवळ आले, चष्मा वर करून एकेक क्लिप नीट बघितली आणि फार आदराने म्हणाले, "माल भारी आहे, व्याही. पण मग काढायची कशी?"

मी पेढा घेतला. तोही चेपलेला होता.

पुढच्या आठवड्यात जावई पहिल्यांदा डोंबिवलीला जेवायला येणार, त्याला मोटारीतून फिरवायचं, म्हणून दार दुरुस्त केलं. माझ्या क्लिपा तापल्या सळईने वितळवून काढल्या. नवा पुठ्ठा आणला, आणि कल्याणच्या बाजारात जाऊन दुसऱ्याने बनवलेल्या, सैल, सहज निघणाऱ्या क्लिपा विकत घेतल्या. दुकानदाराने सांगितला तो भाव आयुष्यात पहिल्यांदा मुकाट्याने दिला. घासाघीस करत उभा राहिलो असतो तर कुणीतरी ओळखीचं बघितलं असतं!