आत्यांचे काळेनिळे डोळे

हापशाची साखळी तुटली तेव्हा आत्या दांड्यावर सगळा भार टाकून पाणी काढत होत्या. दांडा एकदम हलका झाला, त्यांचा तोल गेला आणि कपाळ त्याच लोखंडावर आपटलं. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. शिरूर अनंतपाळजवळच्या आमच्या गावात घरी आम्ही दोघीच. नवरा नांदेडला नोकरीला.

मी धावत गेले तर त्या खाली बसून हसत होत्या. "डोकं न्हाई फुटलं. हापसाच फुटला."

भुवईच्या वर लिंबाएवढं टेंगूळ आलं होतं. घरी आणून मी गार पाण्याची घडी ठेवली आणि गावातल्या डॉक्टरांना फोन केला, कारण आत्यांना हृदयाच्या दुखण्यामुळे रक्त पातळ करायची गोळी चालू होती. ते म्हणाले, "उलटी, गुंगी, नाकातून पाणी, यातलं काही दिसलं तर लगेच कळवा." तसं काहीच झालं नाही. आत्या जेवल्या, बोलल्या, झोपल्या.

सकाळी मी चहा ठेवत होते. मागून "साखर कमी टाक" असं ऐकू आलं, म्हणून वळले आणि हातातली साणशी तिथंच पडली. आत्यांचे दोन्ही डोळे काळेनिळे झाले होते. एका डोळ्याची पापणी सुजून पार मिटली होती. मार लागला होता कपाळाला. डोळ्यांना तर काही शिवलंसुद्धा नव्हतं. मग हे रक्त आलं कुठून?

डॉक्टरांना पुन्हा फोन लावला. "दोन्ही डोळे?" त्यांनी विचारलं. मग म्हणाले, "कवटीचं हाड तडकलं तरी असं होतं. लातूरला घेऊन जा. डोक्याचा स्कॅन करून घ्या. आजची गोळी द्यायच्या आधी तिथं विचारा."

आत्यांच्या गोळ्या पिशवीत टाकल्या आणि आम्ही एसटी धरली.

एसटीत सगळे आमच्याकडे बघत होते. पुढच्या बाकावरची बाई आधी आत्यांकडे बघायची, मग माझ्याकडे. शेवटी आत्याच तिला म्हणाल्या, "हिनं न्हाई मारलं वो. हापशानं मारलं." ती बाई आणखीच रोखून बघायला लागली. एरवी मला लाज वाटली असती. त्या दिवशी मला फक्त आत्या जाग्या राहायला हव्या होत्या. त्यांचा उघडा डोळा जरा मिटला की मी त्यांना हलवायची.

"आत्या, आपण कुठं चाललो?"

"लातूरला. काय डोकं खाऊन राहिली गं?"

थोड्या वेळानं त्यांनी पदरानं नाक पुसलं. पुन्हा पुसलं. पदराला पाणी होतं, पातळ, स्वच्छ. डॉक्टरांनी सांगितलेलं नाकातलं पाणी ते हेच.

"नाकातून पाणी कधीपासून येतंय?" मी विचारलं.

त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं. "रडून राहिले मी. नाक न्हाई का गळणार?"

त्या रडताहेत हे मला कळलंच नव्हतं. सुजलेल्या डोळ्यांतून पाणी दिसत नव्हतं.

"तू सारखी मला हलवून राहिली," त्या हळूच म्हणाल्या. "तू भ्यालीस म्हणल्यावर मीबी भ्याले."

मी त्यांचा हात माझ्या दोन्ही हातांत धरून बसले.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी सुजलेली पापणी हलकेच उचलून बॅटरी मारली, बोट फिरवून नजर तपासली, दोन दोन दिसतं का विचारलं. नाकातल्या पाण्याचं मी सांगितलं, तेही बघितलं. मग आत्यांना स्कॅनला नेलं आणि मी त्या बंद दारासमोर उभी राहिले. नवऱ्याचा फोन वाजत होता. त्याला सांगायला माझ्याकडे काही नव्हतं, म्हणून उचलला नाही.

"हाड शाबूत आहे. आत रक्तस्राव नाही," डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या. मी लगेच नवऱ्याला फोन लावून तेवढं सांगितलं. मग डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. कपाळाच्या कातडीखाली साकळलेलं रक्त हळूहळू खाली उतरतं. डोळ्याभोवतीची कातडी पातळ आणि सैल असते, तिथं ते साठतं. गोळीमुळे ते जरा जास्तच दिसतंय. सध्या गार घडी, सूज उतरली की कोमट. चोळायचं नाही, तेल लावायचं नाही, उशी उंच ठेवायची. गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही. गोळीचं काय करायचं ते हृदयाच्या डॉक्टरांना डॉक्टरीणबाईच विचारणार होत्या. पण या गोळीवर असताना कधी कधी रक्तस्राव उशिरानं होतो, म्हणून एक दिवस त्यांनी आत्यांना ठेवून घेतलं. म्हणजे भीती अजून संपली नव्हती. नांदेडहून नवरा आला आणि दाराशीच थबकला. आईचा तो चेहरा त्याला बघवेना.

दुसऱ्या दिवशी आम्ही घरी आलो. निळा रंग जांभळा झाला, मग हिरवट, आणि पिवळा होत गालांवर उतरला. रंग बदलला की मी घाबरून दवाखान्यात फोन करायची. "रक्त जिरतंय, चांगलं आहे," असं तिकडून ऐकलं की मगच मला जेवण जायचं.

एका सकाळी आत्या आरशासमोर बराच वेळ उभ्या होत्या. "आता माझं तोंड मला वळखू येतंय," त्या म्हणाल्या. मी भाकरी थापत होते. "हो, येतंय," म्हणाले, आणि किती तरी दिवसांनी त्यांच्याकडे वळून न बघता तव्यावरची भाकरी उलटली.