पिझ्झ्याच्या पानात मीठ

कानडी मुलखातल्या के. आर. पुरमच्या एका पिझ्झ्याच्या छोट्या दुकानात पहिल्याच घासाला मी हादरलो. मीठ नावालाही नव्हतं! साठीचे मालक कपाळाला गंध लावून ओव्हनपाशी उभे होते. "अरे देवा," मी पुटपुटलो, तर ते मराठीतच म्हणाले, "काय झालं?"

"अण्णा, चाखून तरी बघायचं!" मी चिडलोच.

त्यांच्या हातातली सुरी थबकली. माझ्यापेक्षा तेच जास्त हादरले होते. "चाखून? उष्टं वाढू तुम्हाला? जन्मभर लग्नाघरी रांधलं ते अंदाजानंच. याचा अंदाज अजून यायचाय."



"स्वल्प थांबा," म्हणत त्यांनी पंगतीत वाढतात तसं पिझ्झ्याच्या डावीकडे चिमूटभर मीठ वाढलं आणि हात जोडले. "सावकाश होऊ द्या."